विमानाच्या वाट्याचं पाचट

वावटळ दिसली की शहाणी माणसं तोंडावर उपरणं घेतात, बायका डोळ्यांवर पदर ओढतात आणि दारात वाळत घातलेल्या पापडांवर कुणीतरी धावत जाऊन कापड टाकतं. भांडगावचे सोपान आबा मात्र वावटळीच्या दिशेनं पळत सुटायचे. साठी ओलांडलेला माणूस, एका हातात धोतराचा सोगा, दुसरा हात टोपीवर. वावटळीच्या पोटात शिरले की टोपी काढून वर भिरकावायची आणि ती कुठवर जाते ते धुळीनं भरलेल्या डोळ्यांनी बघत उभं राहायचं. टोपी कधी बाभळीवर अडकायची, कधी शेजाऱ्याच्या विहिरीत पडायची. एकदा ती थेट हायवेवरच्या ढाब्याच्या पत्र्यावर मिळाली, तर आबा आठवडाभर त्याच आनंदात होते. त्यांच्या बायकोला सगळं गाव माई म्हणायचं. माई दर बाजाराला नवी टोपी घ्यायच्या आणि ती हातात देताना म्हणायच्या, "ही तरी डोक्यावर ऱ्हाऊ द्या."

हा नाद आबांना माझ्यामुळे लागला, असं माई शेवटपर्यंत सांगत राहिल्या. ते खरंच आहे.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी पुण्यात एका बँकेत होते आणि सुट्टीच्या दिवशी ग्लायडर उडवायला शिकत होते. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. मैदानावर लांब तारेनं ओढून त्याला पतंगासारखं वर चढवायचं, तार सोडायची आणि पुढचा सगळा कारभार हवेवर सोपवायचा. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचा खांब वर चढत असतो, त्याला आम्ही थर्मल म्हणायचो. तो सापडला तर त्यात गोल गोल फिरत वर जायचं, मग पुढचा थर्मल शोधत पुढं घसरायचं. नाही सापडला तर मुकाट्यानं एखादं मोकळं रान बघून उतरायचं आणि शेतकऱ्याच्या शिव्या खायच्या. आमच्या सरांनी मला एक परीक्षा घालून दिली होती. दौंडचा रेल्वेपूल वरून बघायचा, त्याचा फोटो काढायचा आणि कुठंही न उतरता मैदानावर परत यायचं. तोवर मी त्यांच्या लेखी शिकाऊच.

पहिल्या प्रयत्नात यवत मागं पडलं आणि हवा मेल्यासारखी झाली. खाली हरभरा काढलेलं एक रान दिसलं, तिथं उतरले. झाकण उघडून बाहेर पाय टाकते तोच एक पांढरी टोपी बांधावरून उडी मारून आली. त्यांनी आधी मला खालीवर न्याहाळलं, हातपाय धड आहेत ना बघितलं, मग ग्लायडरला एक पूर्ण चक्कर मारली. पुढून बघितलं, वाकून पोटाखालून बघितलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"पोरी, इंजिन कुठं पडलं? माणसं धाडतो हुडकायला."

मी काही बोलायच्या आत दोन माणसं ओढ्याकडे रवाना झाली. त्यांना परत बोलावून मला पटवून द्यावं लागलं की इंजिन मुळातच नव्हतं, आज थर्मल मिळाला नाही म्हणून उतरावं लागलं. आबांचा चेहरा एकदम उजळला. त्यांचा भाचा लांब मराठवाड्यात औष्णिक वीज केंद्रात होता, आणि घरात त्या नोकरीला थर्मलच म्हणत. त्याला फोन लावून काही जमतंय का बघू, म्हणाले. मग मी ढेकळावर बसून त्यांना माझा थर्मल समजावून सांगितला. योगायोगानं वर दोन घारी पंख न हलवता फिरत होत्या, त्या दाखवल्या. आबा मान वर करून त्यांच्या फेऱ्या बघत राहिले.

"म्हंजी ही वावटळच की," शेवटी ते म्हणाले. "फकस्त धूळ न्हाई म्हनून दिसत न्हाई."

इतक्या थोडक्यात मला आमच्या सरांनीही सांगितलं नव्हतं. मी हो म्हटलं, आणि त्या माणसाला अंगात वारं भरल्यासारखं झालं. उभ्या आयुष्यात इतकी माणसं भेटली, पण एखादी गोष्ट कळल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर बघितलेला नाही. त्यांचं तरुणपण मेंढरांमागं गेलेलं. घाट उतरून कोकणापर्यंत कळप नेलेले, मग पाणी आलं तशी इथं ऊसशेती करून स्थिरावलेले. दुपारच्या उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात तेव्हा कळपावरून हवा कशी थरथरते, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. त्या थरथरीचा उपयोग करून माणूस वर जाऊ शकतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. संध्याकाळी ट्रेलर घेऊन आमची मंडळी आली, निम्म्या गावानं पंख उचलून लावायला मदत केली आणि माईंनी सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली. वाढताना मला हळूच विचारलं, "तू कशात बसतीस ते आईबापाला ठावं हाय का?"

त्यानंतर बँकेत फोन यायला लागले. भांडगावच्या एसटीडी बूथवरून, कॅश काउंटरवर गर्दी असतानाच हमखास. "पोरी, आजून एक थर्मल गावला." आबांनी तो शब्द असा धरला होता, जणू हरवलेली मेंढरं एकेक करून परत आणताहेत. दौंडला फॅक्सच्या दुकानात गेले, तिथं रोलच्या खोक्यावर दुकानदारानं थर्मल असं वाचून दाखवलं. त्या कागदाला शाई लागत नाही, उष्णतेनंच अक्षर उमटतं, हे ऐकून आबांनी दुकानदाराकडून एक तुकडा मागून घेतला आणि उन्हात धरून बसले. इनामगावला लेक दिली होती. तिच्याकडे जाताना शिरूरच्या बाजारात थंडीचे कपडे विकायला बसलेल्यानं आतून घालायची थर्मल बंडी दाखवली, ती घेतली. जावयाच्या घरी सगळ्यांना अंगातली बंडी काढून दाखवली, लेक लाजून आत गेली. चहा गरम राहणारा डबा, कारखान्यातल्या बॉयलरवरचं जाड वेष्टण, जे भेटेल ते.

एकदा मी त्यांना चिडवलं, की आबा, तुमचा भाचा, तो कागद, ती बंडी आणि माझं विमान, यांचा एकमेकांशी काय संबंध? ते फोनवर जरासे रागावलेच. "समदं एकच हाय की. ऊब कवा बसून ऱ्हात न्हाई. कोन तिला अडिवतो, कोन तिच्यावर बसून जातो." ऊब बसून राहत नाही, हे त्यांचं पालुपद. भाकरी फुगली तरी म्हणायचे, नातवाचा ताप उतरला तरी म्हणायचे, माई चिडून शेजारी निघून गेल्या तरी म्हणायचे.

बाकी त्यांचे सिद्धान्त निम्मे चुकीचे असत. थर्मल विहिरीच्या झऱ्यासारखा एका जागी असतो अशी त्यांची खात्री. वावटळ जिथून उठेल तिथं ते दगड रोवून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी त्या दगडापाशी जाऊन बसत. कधी उठायची, बहुतेकदा नाही. नाही उठली की दोष दगडाचा.

पण एक गोष्ट त्यांनी अचूक टिपली. ऊस तुटून गेला की फडात वाळलेल्या पानांचा थर उरतो, ते पाचट. तेव्हा सगळेच ते पेटवून रान मोकळं करत. पाचट पेटलं की कुठून कुठून घारी येतात, भाजून उडणारे किडे पकडायला. आबांच्या लक्षात आलं की घारी किडे खाऊन झाल्यावरही जात नाहीत, धुराच्या वर फिरत राहतात आणि पंख न हलवता ठिपक्याएवढ्या होईपर्यंत चढतात. त्याच दिवशी फोन आला. मी सरांना विचारलं. सर म्हणाले, जुने वैमानिक पेटलेली शेतं शोधतच फिरतात. हे मी आबांना कळवलं.

"मंग तू फकस्त भांडगावपोत्तर ये," आबा म्हणाले. "म्होरलं मी बघतो."

पुढच्या मोसमात कृषी सहायक गावात आले. पाचट जाळू नका, जमिनीचा कस जातो, सरीत पसरून कुजवा, असं त्यांनी समजावलं. आबांना ते पटलं, गावात सगळ्यात आधी त्यांनीच जाळणं बंद केलं. पण बांधाच्या कोपऱ्यात एक मोठा ढीग रचून वर जुनी ताडपत्री टाकून ठेवला. कुणी विचारलं तर सांगायचे, हे विमानाच्या वाट्याचं. शेळ्यांना तिकडे फिरकायची बंदी होती. माईंना चुलीला चार पानं हवी असली तरी तिथली मिळत नसत.

पहिला प्रयोग फजितीचा झाला. मी सकाळी बूथवर निरोप ठेवला, आज येते. आबांनी निरोप मिळताच काडी लावली. मी अजून मैदानावर चहा पीत होते. धूर बघून भावकीतली माणसं घागरी घेऊन धावली, ढिगावर पाणी ओतलं, आबांनी एका पुतण्याच्या हातातली घागर हिसकावून घेतली, आणि मी दुपारी तिथवर पोचले तेव्हा खाली नुसता चिखल. त्या दिवशी मी जेमतेम घरी परतले, दौंडचा विषयच नव्हता. मग आबांनीच नियम केला. भांडगावातून दक्षिणेला भुलेश्वरचा डोंगर दिसतो. विमान डोंगराच्या माथ्याखाली आलेलं दिसलं, तरच काडी लावायची.

त्याच उन्हाळ्यात माझी नागपूरला बदली झाली. जूनमध्ये हजर व्हायचं होतं, आणि तिकडे ग्लायडिंग नव्हतं. म्हणजे दौंड आता नाहीतर कधीच नाही. हे मी आबांना सांगितलं, आणि लगेच वाटलं सांगायला नको होतं, कारण त्यांनी ढीग दुप्पट केला.

त्यातच एप्रिलमध्ये त्यांच्या छातीत दुखलं. दौंडच्या दवाखान्यात छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढली. मशीनमधून पट्टी येताना बघून आबांनी झोपूनच विचारलं, हा कागद थर्मल का? डॉक्टर हो म्हणाले. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला ती पट्टी त्यांच्या हाती दिली. घरी आल्यावर आबांनी ती खात्री करायला चुलीच्या तव्यावर धरली. पट्टी वरपासून खालपर्यंत काळी झाली. कागद खरा थर्मल निघाला म्हणून हा माणूस खूष, आणि माई कपाळाला हात लावून दारात बसलेल्या. दुसरी पट्टी काढावी लागली. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, पळायचं नाही. वावटळ बंद.

मे महिन्यातला शेवटचा रविवार. त्या दिवशी हवा अशी होती की तार सुटताच थर्मल मिळाला. उरुळी, यवत, भांडगाव, पाटस, सगळं उंचावरून मागं पडलं. दौंड दिसलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले. रुळांचं ते भलंमोठं जाळं, भीमेचं आटलेलं पात्र, त्यावरचा पूल. फोटो काढला आणि वळले. वळल्यावर कळलं की पश्चिमेचा वारा सुटलाय आणि मला तो नाकावर घेत परत जायचं आहे. पाटसपाशी उंची निम्मी झाली. घारी नाहीत, ढग नाही, चढ-उतार दाखवणारा काटा खालीच. भांडगाव आलं तेव्हा भुलेश्वरचा डोंगर माझ्या बरोबरीला होता, मग तो वर गेला. मी रडायच्या बेतात होते. पट्टे घट्ट केले, उतरायला रान शोधलं. आबांचं तेच हरभऱ्याचं रान होतं.

आणि त्याच्या कोपऱ्यातून धूर उठला.

आधी भुरका, जमिनीलगतचा. मग एकदम जाळ दिसला आणि धूर सरळ वर यायला लागला. मी जागेवर वळले. धुराच्या कडेला शिरताच ग्लायडरला कुणीतरी खालून खांदा लावून उचलल्यासारखं झालं. पंख थरथरले, काटा उसळून वर गेला. झाकणाच्या फटीतून जळक्या पाचटाचा वास आत भरला, काळे कोळपलेले पात्याचे तुकडे काचेवर आपटायला लागले. कुठून तरी एक घार माझ्या पंखापाशी आली आणि आम्ही दोघी मिळून फिरायला लागलो. प्रत्येक फेरीला खाली आबा दिसत. पळत होते. ढिगाच्या या कडेहून त्या कडेला, लाकडी दाताळ्यानं पाचट पुढं ढकलत, पळू नका सांगितलेला माणूस. बांधावर माई दोन्ही हात हलवून ओरडत असाव्यात. मला हसू येत होतं, भीती वाटत होती आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. मग आबा थांबले, मान वर केली आणि टोपी हवेत फेकली. ती पांढरी टिकली खरंच थोडी वर चढली. हायवे दोऱ्याएवढा झाला तेव्हा मी पुण्याकडे तोंड केलं आणि मैदानावर येऊन उतरले.

उतरल्यावर पहिला फोन बूथला. आबांना बोलावून आणलं. मी परीक्षा पास झाले, डोंगर, घार, सगळं एका दमात सांगत होते, आबांनी मध्येच थांबवलं.

"त्ये ऱ्हाऊ दे. आतनं कसा असतुया?"

मी म्हटलं, आबा, आत पाचटाचा वास येतो.

 मग माईंचा आवाज आला, त्यांनी फोन घेतला होता. "रडायलेत," त्या म्हणाल्या. "तू ठेव आता. गोळी द्यायची हाय."

नागपूरला जायच्या आधी मी आबांना मैदानावर बोलावलं होतं. दोन जणांचं ग्लायडर होतं, सर त्यांना वर नेऊन आणायला तयार होते. डॉक्टरांनीही ना म्हटलं नव्हतं. आबा आले, नवी टोपी, धुतलेलं धोतर. ग्लायडरच्या पुढच्या बैठकीवर हात फिरवला, आत वाकून काटा बघितला, बोटानं टिचकी मारून बघितली. बसायला मात्र तयार होईनात. मला वाटलं घाबरले. तसं म्हटलं तर हसले.

"म्या वर गेलो तर खाली काडी कोन लावंल?"

 त्यांनी दिवसभर आमच्या पोरांना पंख धरून धावायला मदत केली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत गेले.

नागपूरला फोन येत राहिले. पुढं नातवानं मोबाईल घेतला, तेव्हा आणखी वाढले. एटीएमची पावती थर्मल असते हा त्यांचा शेवटचा शोध. त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले, झोपेतच. मी पोचले तोवर दहावा झाला होता. माई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आबांची बंडी दोरीवर होती. मी बांधाकडे जाऊन आले. त्यांनी पुन्हा रचलेला ढीग ताडपत्रीखाली तसाच होता. मी बघून आले हे माईंनी बघितलं. म्हणाल्या, आता ते सरीत पसरून टाकायचं, पोरं म्हणत्यात. मी मान हलवली.

दोन वर्षांनी माझी पुण्याला परत बदली झाली. हात गंजला होता, तो मोकळा करायला महिने गेले. मग एप्रिलमधल्या एका दुपारी मी एकटीच दौंडच्या दिशेला निघाले, परीक्षा-बिरीक्षा काही नाही, सहज. निरोप कुणाला ठेवला नव्हता. ठेवणार कुणाला? हवा सुरेख होती. भांडगाव आलं तेव्हा भुलेश्वरचा डोंगर माझ्या कितीतरी खाली होता, एवढी उंची त्या जुन्या दिवसांत मला कधी मिळालीही नव्हती.

खाली कोपऱ्यातून धूर उठला.

आधी भुरका, मग जाळ, मग सरळ वर. डोंगराचा नियम आबांनी माईंना सांगितलेला नसावा. विमान दिसलं की काडी, एवढंच त्यांना ठाऊक. विमानात मी आहे की दुसरं कुणी, हेही तिथून कळायचा मार्ग नव्हता. ढिगापाशी एक फिकं लुगडं उभं होतं. हात हलवत नव्हतं, एक हात कमरेवर आणि दुसरा डोळ्यांवर.

मला थर्मलची गरज नव्हती. तरी मी वळले, उंची मोडून खाली आले, आणि पाचटाचा वास येईपर्यंत त्या धुरात फिरत राहिले.